लेकराचा वाटा

‘पोटगी’ हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चित्रपटातले कोर्ट उभे राहते. काळे डगले, साक्षीदाराचा पिंजरा, डोळ्यांना पदर लावलेली नायिका आणि शेवटी टाळ्या घेणारे एखादे भाषण. प्रत्यक्षातला पोटगीचा खटला इतका नाट्यपूर्ण नसतो. तो बराचसा बेरीज-वजाबाकीचा असतो. बापाला किती मिळते, आईला किती मिळते, त्यातून काय वजा करायचे आणि उरल्यातले मुलाला किती द्यायचे, हा त्यातला मुख्य प्रश्न. पाचवीतल्या मुलालाही सुटावे असे हे गणित दिसते. पण या गणिताचे उत्तर चुकले तर भुर्दंड गणित मांडणाऱ्याला बसत नाही. तो बसतो वह्या, दूध, औषध आणि शाळेची फी यांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या मुलाला. म्हणून हे गणित न्यायालये कशी मांडतात, हे आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावे असे मला वाटते.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. आपली न्यायालये मुलासाठी ‘रक्कम’ ठरवतात. त्यांनी ‘वाटा’ ठरवावा. दोन्ही शब्द वरवर सारखे दिसतात, परंतु त्यांत महदंतर आहे. रक्कम ठरली त्या दिवशी गोठते. वाटा घराच्या भरभराटीबरोबर वाढतो आणि घरावर वाईट दिवस आले तर कमीही होतो. एकत्र राहणाऱ्या आईबापांच्या घरात मुलाला वाटाच मिळत असतो. बापाला बोनस मिळाला की पोराला नवे कपडे येतात. कारखान्यात संप झाला की पोराचीही सहल रद्द होते. आईबाप वेगळे झाले म्हणून मुलाचे हे नाते रकमेवर का यावे?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मुलाच्या पोटगीसाठी आपल्याकडे एकच एक कायदा नाही. हिंदू कुटुंबांना १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा आहे. विवाहाचा खटला चालू असेल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली मुलांच्या खर्चाचा हुकूम मिळतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदाही आहे. या सर्वांहून जुनी वाट फौजदारी प्रक्रिया संहितेची. १८९८ च्या संहितेत ती ४८८ व्या कलमात होती, १९७३ च्या संहितेत १२५ व्या कलमात आली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. या वाटेने कोणत्याही धर्माचे मूल जाऊ शकते, आणि आईबापांचा विवाह झाला होता की नाही हा प्रश्न त्याच्या आड येत नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी १९८६ साली वेगळा कायदा झाला, तरी मुलांचा हा हक्क त्याने कमी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले आहे.

या जुन्या कलमाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९५५ साली त्यातील पोटगीची कमाल मर्यादा १०० रुपयांवरून ५०० रुपये करण्यात आली. १९५५ सालचे ५०० रुपये म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. पण ती एकदा लिहिली गेली आणि लिहिलेलीच राहिली. १९७३ ची नवी संहिता आली तरी ५०० रुपये. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ही मर्यादा साऱ्या कुटुंबाला मिळून नसून माणसागणिक आहे असा अर्थ लावला, तेव्हा थोडा श्वास मोकळा झाला. तरी आकडा तोच. तो काढून टाकायला २००१ साल उजाडावे लागले. ४६ वर्षे! या काळात धान्य, कापड, भाडे, फी यांचे भाव कोठून कोठे गेले हे आपल्या आजीला विचारावे. बापाचे उत्पन्न कितीही असो, दंडाधिकाऱ्याचे मन कितीही द्रवो, या कलमाखाली त्याचे हात ५०० रुपयांपाशी बांधलेले होते. रक्कम गोठली की काय होते याचा याहून मोठा दाखला शोधायला नको.

आता मर्यादा नाही. किती द्यायचे ते न्यायाधीशाच्या विवेकावर आहे. १९५६ च्या कायद्याच्या २३ व्या कलमात त्या विवेकाला काही खुणा दिलेल्या आहेत: उभयतांची सामाजिक स्थिती, मागणाऱ्याच्या वाजवी गरजा, मालमत्ता व उत्पन्न, आणि किती माणसांना पोसायचे आहे त्यांची संख्या. खुणा चांगल्या आहेत. पण त्यांत ‘उत्पन्न’ हा शब्द जितका सोपा वाटतो तितका तो नाही. ते समजायला चेंबूरच्या बाहेर जायची गरज नाही.

आपल्या चेंबूरमध्ये उत्पन्नाच्या दोन जाती आहेत. एका बाजूला ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, आरसीएफचा खतांचा कारखाना, माहुलकडचे तेलशुद्धीकरण कारखाने. तिथे पगार बँकेत जमा होतो आणि पैन्‌पैचा हिशेब स्लिपवर छापलेला असतो. दुसऱ्या बाजूला स्टेशनबाहेरची रिक्षांची रांग, भाजीवाले, वडापावच्या गाड्या, गॅरेजवाले, घरोघरी शिकवण्या घेणारे, रंगकाम आणि सुतारकामाचे ठेके घेणारे. इथे संध्याकाळी गल्ला मोजला जातो, थोडा भिशीत जातो, थोडा गावी जातो, आणि लिहिला फारसा कोठेच जात नाही. यांतल्या एखाद्याची कमाई कारखान्यातल्या कामगाराहून कमी असेल असे मुळीच नाही. कित्येकदा ती जास्त असते.

या दोन जातींचे दोन काल्पनिक बाप न्यायालयात उभे करून पाहू. पहिल्याच्या पगाराची स्लिप समोर आहे. दुसरा शपथेवर सांगतो, “साहेब, महिन्याला आठ-दहा हजार सुटतात, तेही नक्की नाही.” पहिल्याच्या मुलाला स्लिपवरून मिळते, दुसऱ्याच्या मुलाला बापाच्या जिभेवरून. बाप सज्जन असेल तर ठीक. नसेल तर आईने सिद्ध करायचे की त्याच्या दोन रिक्षा आहेत, त्यातली एक भावाच्या नावावर आहे, आणि गावी नव्या घराचा पाया पडला आहे. हे पुरावे तिने आणायचे कोठून? तिला तर त्या घराबाहेर पडून दोन वर्षे झालेली असतात.

न्यायालये या बाबतीत अगदीच भोळी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. धडधाकट माणसाला ‘मी बेकार आहे’ एवढे म्हणून सुटता येत नाही. शारीरिक श्रम करूनही त्याने बायकामुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पुन्हा बजावले. जानेवारी २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर अकुशल मजूरही दिवसाला ३०० ते ४०० रुपये मिळवू शकतो असा हिशेब मांडून एका नवऱ्याची बेकारीची सबब फेटाळली. म्हणजे माणूस काय मिळवतो याबरोबरच तो काय मिळवू शकतो हेही उत्पन्नात धरायचे, असा हा विचार आहे. तो मला योग्य वाटतो. पण ज्याची कमाई मजुराच्या तिप्पट आहे आणि जो ती लपवतो, त्याला मजुराच्या मापाने मोजले तर फायदा त्याचाच झाला. लपवणाऱ्याला या मापाची भीती वाटणार नाही.

बरे, स्लिपवाल्या बापाचे तरी सारे सरळ असते काय? तेही नाही. स्लिपवर दोन आकडे असतात. एक मिळकतीचा आणि एक हातात पडणाऱ्या पगाराचा. मधल्या जागेत कपातींची यादी असते. न्यायालये साधारणपणे यातल्या सक्तीच्या कपाती, म्हणजे आयकर आणि भविष्य निर्वाह निधी, वजा करू देतात. पतपेढीचे कर्ज, विम्याचे हप्ते, नव्या घराचा हप्ता यांसारख्या स्वखुशीच्या कपाती मुलाच्या ताटातून वजा होऊ नयेत, असा या मागचा न्याय आहे. पण वाद होतो तो इथेच.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, केवळ समजण्यासाठी. बापाचा एकूण पगार ७०,००० रुपये. कर व निधी मिळून १०,००० गेले, राहिले ६०,०००. पतपेढी आणि घराचा हप्ता मिळून आणखी २५,००० कापले जातात. हातात पडतात ३५,०००. आई मिळवत नाही, मुले दोन. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ साली अशा प्रसंगी वाटणीची एक सोपी रीत सांगितली होती. सगळ्या कुटुंबाचे उत्पन्न एक पोळी समजावी. मिळवत्या नवऱ्याला त्याच्या जादा खर्चापोटी दोन भाग द्यावेत आणि बाकी प्रत्येकाला एक. आपल्या उदाहरणात दोन, एक, एक आणि एक असे पाच भाग झाले. ६०,००० धरले तर प्रत्येक मुलाला १२,००० येतात. ३५,००० धरले तर ७,०००. दोन मुलांचा महिन्याचा फरक १०,००० रुपयांचा आणि वर्षाचा १,२०,००० रुपयांचा. कायदा बदलला नाही, पगार बदलला नाही, बापाची दानतही बदलली नाही. फक्त ‘उत्पन्न’ या शब्दाच्या अर्थाची रेघ स्लिपवर चार ओळी खाली सरकली. खटला सुरू होण्याच्या सुमारास पतपेढीतून अचानक मोठे कर्ज काढणारे महाभाग या रेघेचे महत्त्व चांगले ओळखून असतात.

दिल्लीच्या रीतीचा मी उल्लेख केला तो मुद्दाम. तिच्यात ‘वाटा’ हा विचार स्पष्ट आहे. पण ती एका न्यायालयाने सुचवलेली रीत आहे, देशभर बांधून घेणारा नियम नव्हे. पत्नीच्या पोटगीसाठी नवऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्के ही खूण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली वाजवी मानली. मुलाच्या वाट्यासाठी अशी ठरलेली खूण नाही. म्हणून एकाच उत्पन्नाच्या दोन बापांच्या मुलांना दोन न्यायालयांत वेगवेगळ्या रकमा मिळतात, आणि त्यात कोणी बेकायदा वागले असे म्हणताही येत नाही.

या साऱ्या गोंधळाला शिस्त लावण्याचा मोठा प्रयत्न झाला तो आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून. नागपूरच्या एका पत्नीने आपल्या व तान्ह्या मुलाच्या पोटगीसाठी २०१३ साली अर्ज केला. २०१५ साली नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला सप्टेंबर २०१३ पासून ऑगस्ट २०१५ पर्यंत ५,००० व त्यापुढे १०,००० रुपये तात्पुरती पोटगी ठरवली. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला, तिथे हरला, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी नागपूरचा हुकूम कायम केला आणि त्याबरोबर साऱ्या देशासाठी नियम घालून दिले.

त्यांतले महत्त्वाचे असे. पोटगीच्या प्रत्येक खटल्यात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता, देणी आणि खर्च यांचे ठरावीक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र दिलेच पाहिजे. त्यासाठी उत्तर देणाऱ्याला जास्तीत जास्त चार आठवडे. खोटे लिहिले तर कारवाई. तात्पुरत्या पोटगीचा निर्णय चार ते सहा महिन्यांत करण्याचा प्रयत्न व्हावा. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, जेणेकरून खटला लांबवून कोणाचा लाभ होऊ नये. पत्नी आपल्या गरजा फुगवून सांगते आणि पती आपले उत्पन्न दडवतो, ही दोन्हींकडची प्रवृत्ती न्यायालयाने निकालात मोकळेपणाने नोंदवली आहे. यात स्त्रीची बाजू किंवा पुरुषाची बाजू असा पक्षपात नाही. दोघांनीही आपले पत्ते टेबलावर मांडावेत, एवढेच मागणे आहे.

मला या खटल्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नागपूरच्या मुलाची रक्कम दोन वर्षांनी पाच हजारांची दहा हजार झाली. मूल मोठे होते, आणि मूल मोठे होते तसे त्याचे मागणे वाढते, ही साधी गोष्ट त्या एका हुकुमात दिसते. दुपट्यातल्या बाळाला लागते तेवढ्यात बालवाडीतले मूल भागत नाही. मग हीच गोष्ट प्रत्येक हुकुमात का असू नये?

इथे आपण मूळ दुखण्यापाशी येतो. भाभा केंद्रातल्या कर्मचाऱ्याला केंद्र सरकारचा महागाई भत्ता लागू आहे. त्याचा दर जानेवारी आणि जुलैपासून असा वर्षातून दोनदा बदलतो. सार्वजनिक उद्योगांत तर तो दर तिमाहीला बदलतो. राज्यातल्या किमान वेतनालाही महागाईचा विशेष भत्ता जोडलेला आहे. याखेरीज वार्षिक वेतनवाढ वेगळी. म्हणजे महागाई वाढते हे सरकारला मान्य आहे, कारखान्याला मान्य आहे, युनियनला मान्य आहे. फक्त पोटगीच्या हुकुमाला ते ठाऊक नाही. बापाच्या पगाराला महागाई भत्ता आहे, मुलाच्या पोटगीला नाही. वाढ हवी असेल तर परिस्थिती बदलल्याचा नवा अर्ज करायचा, पुन्हा वकील, पुन्हा तारखा. चेंबूरहून हार्बरच्या गाडीने कुर्ला, तिथून बस किंवा रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुलातले कौटुंबिक न्यायालय, आणि त्या दिवसाचा खाडा. घरकाम करणाऱ्या बाईला चार तारखांचा खाडा म्हणजे मागितलेल्या वाढीचा पहिला हप्ता आधीच खर्च झाला. म्हणून पुष्कळ आया अर्ज करतच नाहीत आणि गोठलेली रक्कम वर्षानुवर्षे गोठलेलीच राहते. ५०० रुपयांची मर्यादा कायद्यातून २००१ साली गेली, पण तिचे भूत हुकमांत अजून वावरते आहे.

उपाय अशक्य नाही. २९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका पत्नीला दरमहा ५०,००० रुपये पोटगी ठरवताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ आपोआप व्हावी असे हुकुमातच लिहिले. पत्नीसाठी हे शक्य आहे तर मुलासाठी ते अधिकच शक्य असले पाहिजे, कारण मोठ्या माणसाची गरज फार तर महागाईने वाढते, मुलाची महागाईनेही वाढते आणि वयानेही. आणि पाच टक्के म्हणजे फार झाले असेही नाही. २०१५ सालचे १०,००० रुपये दर दोन वर्षांनी ५ टक्क्यांनी वाढवले तरी २०२५ साली ते सुमारे १२,७६० होतात. दहा वर्षांत बारावीच्या क्लासची फी याहून कितीतरी पुढे निघून जाते.

आता आईच्या उत्पन्नाकडे वळू, कारण तो प्रश्न टाळून हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. आई मिळवती असेल तर तिनेही मुलाचा खर्च उचलला पाहिजे, हे उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली असे ठरवले की दोघेही मिळवते असतील तर मुलाचा भार दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाहावा. त्या खटल्यात बापाचा पगार आईच्या सुमारे दुप्पट होता. म्हणून भारही दोनास एक. हे तत्त्व न्यायाचे आहे. बापाला ४०,००० आणि आईला २०,००० मिळत असतील आणि मुलाचा खर्च ९,००० असेल, तर बापाने ६,००० द्यावेत, आईने ३,०००. पण या हिशेबात एक रकाना रिकामा राहतो. मूल बहुधा आईपाशी असते. ताप आला तर कामावर रजा तिची पडते. शाळेच्या पालकसभेसाठी ओव्हरटाइम तिचा बुडतो. संध्याकाळची पाळी नको म्हणून कमी पगाराची नोकरी ती पत्करते. या कष्टांना स्लिप नाही. तेव्हा दोनास एक असे प्रमाण काढताना जो मुलाला रोज सांभाळतो त्याच्या पारड्यात काही वजन टाकलेच पाहिजे. मूल बापापाशी असेल तर तेच वजन बापाच्या पारड्यात टाकावे. मला इथे स्त्री-पुरुष असा भेद करायचा नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या वयाची आहे, म्हणून ती या अंकात आलीच पाहिजे. १४४ व्या कलमाखालचा मुलाचा हक्क साधारणपणे १८ व्या वर्षी संपतो. अपंगत्वामुळे स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या अपत्याला तो पुढेही मिळतो. हिंदू मुलीला १९५६ च्या कायद्याखाली, ती स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर, विवाह होईपर्यंत बापाकडे मागता येते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितले. मुलाचे मात्र १८ पूर्ण झाले की संपले. आपल्यापैकी बहुतेकांना १८ वे वर्ष कधी लागले ते आठवा. बारावीत किंवा प्रथम वर्षाच्या वर्गात! म्हणजे ज्या महिन्यात कॉलेजची फी भरायची त्याच महिन्यात कायद्याने बाप मोकळा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ साली यातून एक वाट काढली. १८ व्या वर्षी मुलाचे शिक्षण संपत नाही, त्याचा भार एकट्या आईवर पडतो, याकडे डोळेझाक करता येणार नाही, असे म्हणून तो पदवीधर होईपर्यंत आईला दरमहा १५,००० रुपये देवविले. वाट आहे, पण ती आईच्या नावाने आणि आडवळणाने जाते. हा हक्क सरळ पदवीपर्यंत वाढवावा असे मला वाटते. एकत्र घरात राहणारा कोणता बाप मुलाच्या अठराव्या वाढदिवशी त्याचे ताट बंद करतो?

माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील. त्यांतला पहिला असा की प्रत्येक घर निराळे असते. तक्ता करून न्याय होत नाही. बापाचे म्हातारे आईवडील असतील, दुसरा संसार असेल, खरोखरच नोकरी गेली असेल. हे सर्व खरे आहे. म्हणूनच मी रकमेऐवजी वाटा म्हणतो. नोकरी गेली तर वाटाही आपोआप खाली येईल. आज नोकरी गेलेल्या प्रामाणिक बापालाही तीच गोठलेली रक्कम भरावी लागते आणि ती कमी करून घ्यायला त्यालाही नवा अर्ज करावा लागतो. तक्ता हा न्यायाचा शेवट नसून आरंभ असावा. वेगळे काही असेल तर ज्याचे म्हणणे असेल त्याने ते सिद्ध करावे.

बाहेरच्या देशांत असे तक्ते आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका मुलासाठी उत्पन्नाच्या १७ टक्के, दोघांसाठी २५ आणि तिघांसाठी २९ अशी साधी पद्धत आहे. ब्रिटनमध्ये सरकारी यंत्रणा आयकर खात्याकडूनच उत्पन्नाचा आकडा मागवते. आठवड्याला २०० ते ८०० पौंडांच्या टप्प्यात एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६ आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी १९ टक्के धरले जातात, दरवर्षी फेरआढावा होतो, आणि मूल जितक्या रात्री बापाकडे राहते त्या मानाने रक्कम कमी होते. हे आकडे जसेच्या तसे आपण उचलावेत असे मी म्हणत नाही. तिथल्या माणसाचे उत्पन्न सरकारी दप्तरात दिसते, आपल्याकडच्या पुष्कळांचे दिसत नाही, हा दुसरा आक्षेप बिनतोड वाटतो.

पण तोही आता पूर्वीइतका बिनतोड राहिलेला नाही. चेंबूर स्टेशनबाहेरचा भाजीवालाही आज पावशेर मिरच्यांचे पैसे घेताना क्यूआर कोडचा फलक पुढे करतो. रिक्षावाल्याच्या हँडलजवळ तोच फलक चिकटवलेला असतो. जो गल्ला काल कोठेच लिहिला जात नव्हता तो आज निदान अर्धामुर्धा बँकेच्या पासबुकात उमटतो. न्यायालयाने खाते मागवले की, “आठ-दहा हजार सुटतात” या वाक्याची परीक्षा तिथल्या तिथे होऊ शकते. अर्थात दुसऱ्याच्या नावाचा कोड लावणारेही निघतील. अशा वेळी माणूस कसा राहतो याकडे पाहावे: घराचे भाडे किती, वाहन कोणते, गावी बांधकाम चालू आहे काय. ज्याचे उत्पन्न त्याला स्वतःलाच ठाऊक असते, त्यानेच ते उघड केले पाहिजे. त्याने ते दडवले तर न्यायालयाने त्याच्या राहणीवरून अंदाज बांधावा, आणि तो अंदाज चुकीचा आहे हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर ठेवावे.

तेव्हा माझ्या मागण्या थोडक्या आहेत. मुलाच्या पोटगीसाठी उत्पन्नाच्या हिश्श्यांचा एक तक्ता जाहीर करावा. त्याचा तळ राज्याच्या किमान वेतनाला बांधावा, म्हणजे ‘काहीच मिळत नाही’ या उत्तराने मूल उपाशी राहणार नाही. फक्त सक्तीच्या कपाती वजा कराव्यात. रोज सांभाळणाऱ्याच्या कष्टांना हिशेबात रकाना द्यावा. दरवर्षीची वाढ हुकुमातच लिहावी. आणि हा हक्क पहिल्या पदवीपर्यंत चालावा. यांतल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. काही गोष्टींना संसदेची एक दुरुस्ती पुरेल, आणि काही तर न्यायाधीश उद्या सकाळीही लिहू शकतील, जशा त्या नागपुरात आणि दिल्लीत लिहिल्या गेल्या.

‘पोटगी’ या शब्दात पोट आहे, आणि शब्दाप्रमाणे आपली कल्पनाही पोटापाशीच थांबते. मूल उपाशी राहू नये एवढे झाले की आपण न्याय झाला असे म्हणतो. पण ज्या बापाच्या घरात दूरचित्रवाणी, मोटारसायकल आणि वर्षाकाठी एक सहल आहे, त्याच्या मुलाला केवळ उपाशी न ठेवणे हा न्याय नव्हे. आईबाप विभक्त होतात तेव्हा ते एकमेकांचे कोणी राहत नाहीत. मुलाचे मात्र ते दोघेही आईबापच राहतात. आपल्या वर्गातही अशी मुले-मुली असतील. फी भरण्याच्या खिडकीपाशी ती मुदत वाढवून मागत असतील आणि कारण सांगत नसतील. त्यांना कोणाची दया नको आहे. घर एकत्र असते तर जे त्यांना न मागता मिळाले असते, ते आता त्यांना हिशेबाने मिळावे, एवढीच ही मागणी आहे.